निवणे आणि गार करणे : दुधाच्या पट्टिका-विनिमयकाचे आकारमान

तापलेली वस्तू थंड होण्याच्या क्रियेसाठी मराठीत दोन क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांचे पर्याय नव्हेत. कढत दूध ‘निवते’. माठातले पाणी ‘गार होते’. निवणाऱ्या वस्तूला कोणाच्या साहाय्याची अपेक्षा नसते. तिच्याजवळ भोवतालापेक्षा जे अधिक आहे ते सोडून देऊन ती भोवतालाच्या पातळीला येते आणि तेथे स्थिरावते. म्हणूनच मराठीत राग निवतो, डोळे निवतात, जीव निवतो. संतवाङ्मयात तर या क्रियापदाचा संचार फार मोठा आहे. गार करण्यात याच्या उलट भोवतालाच्या पातळीखाली जाण्याचा हेतू असतो. त्यासाठी माठाला पाझरावे लागते, वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडावे लागते किंवा बर्फ आणावा लागतो. कोठेतरी काहीतरी खर्ची पडल्याखेरीज वस्तू भोवतालाहून गार होत नाही. रोजच्या बोलण्यात ही सीमारेषा नेहमीच कटाक्षाने पाळली जाते असे नाही. विसरलेला चहाही गार होतो. तथापि बर्फात ठेवलेले दूध निवत आहे असे मराठी माणूस सहसा म्हणत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला हा अर्थच्छटांचा प्रश्न वाटेल. दूध शीतकरण केंद्राची आखणी करणाऱ्या अभियंत्याला मात्र तो पत्र्यांच्या संख्येचा आणि बर्फाच्या वजनाचा प्रश्न असतो. अशा केंद्रात दूध ज्या यंत्रातून गार होऊन बाहेर पडते त्याला पट्टिका उष्णता-विनिमयक म्हणावे. केंद्रातले कामगार त्याला ‘प्लेट चिलर’ म्हणतात, आणि तेही नाव सोयीचे आहे. हे यंत्र किती मोठे असावे याचा हिशेब मराठी गद्यात पूर्णपणे मांडता येतो. किंबहुना तो मांडताना भाषेत आधीपासून असलेले काही भेद अनपेक्षितपणे उपयोगी पडतात, आणि काही नसलेले भेद प्रयत्नपूर्वक सांभाळावे लागतात.

नसलेल्या भेदांपैकी पहिला ‘ताप’ या शब्दाभोवतीचा. भारतीय भाषांच्या शास्त्रीय परिभाषेत हा एकच संस्कृत शब्द तीन वाटांनी गेलेला दिसतो. हिंदीच्या शास्त्रीय पुस्तकांत ‘ताप’ म्हणजे उष्णतेची पातळी, आणि उष्णतेला तेथे ‘ऊष्मा’ म्हणतात. बंगालीत ‘ताप’ म्हणजेच उष्णता, आणि पातळीला ‘तापमात्रा’. मराठीत ताप म्हणजे ज्वर किंवा त्रास. म्हणून मराठी शास्त्रीय गद्याने ‘उष्णता’ आणि ‘तापमान’ अशी जोडी पत्करली. एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा ती उष्णता. वस्तू किती तापलेली आहे याची पातळी ते तापमान. हौदातले पाणी आणि हौदातल्या पाण्याची उंची यांत जो भेद, तोच येथे आहे. एखादी हिंदी पुस्तिका मराठीत आणताना ‘अंतिम ताप’ या शब्दप्रयोगाचे ‘अंतिम उष्णता’ झाले, तर वाक्य वाचनीय राहते आणि हिशेब निरर्थक होतो. विनिमयकाच्या गणितात उष्णता आणि तापमान एकाच ओळीत, पण भागाकाराच्या दोन बाजूंना येतात.

यंत्राची घडण प्रथम पाहू. पट्टिका विनिमयकाचा जन्मच दुधाच्या धंद्यातला आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ साली तो दुधाच्या पाश्चरीकरणासाठी प्रचारात आणला. गंज न धरणाऱ्या पोलादाचे, साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचे आयताकृती पत्रे एका चौकटीत पुस्तकाच्या पानांसारखे एकाशेजारी एक उभे करतात. प्रत्येक पत्र्याच्या चार कोपऱ्यांना चार भोके, आणि कडेने रबराची गॅस्केट. गॅस्केटची मांडणी अशी की एका फटीत दूध शिरते, तिच्या शेजारच्या फटीत पाणी, पुढच्या फटीत पुन्हा दूध. फट दोन-तीन ते पाच मिलिमीटर, म्हणजे पुठ्ठ्याच्या बांधणीइतकी. पत्रे सपाट नसतात. त्यांवर बाणाच्या टोकासारख्या तिरप्या पन्हळी दाबून उठवलेल्या असतात आणि शेजारच्या दोन पत्र्यांच्या पन्हळी एकमेकींना छेदतात. त्यामुळे दुधाला सरळ वाहता येत नाही. ते सतत वळते, घुसळले जाते. चौकटीचे लांब बोल्ट सैल केले की सगळे पत्रे सुटे होऊन घासता येतात. दुधासारख्या नाशवंत पदार्थाच्या दृष्टीने या शेवटच्या गुणाचे मोल इतर सर्व गुणांहून अधिक आहे.

बशीत चहा ओतणारा माणूस या यंत्राचे अर्धे तत्त्व जाणतो. द्रव जितका पसरेल तितका लवकर निवतो. तेव्हा पृष्ठफळ वाढवावे. प्रश्न एवढाच की, किती?

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा हजार लिटर दूध घेणारे एक केंद्र आहे. दूध येते ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाचे, कारण ते नुकतेच गाई-म्हशींच्या अंगातून आलेले असते. ते ४ अंशांपर्यंत आणावयाचे आहे. त्याहून वर राहिले तर जीवाणूंची वाढ रोखली जात नाही आणि टँकर शहरात पोचेपर्यंत दूध आंबण्याचा धोका राहतो. नासलेल्या दुधाचे पैसे उत्पादकाला मिळत नाहीत, एवढे सांगितले म्हणजे या चार अंशांच्या आकड्यात काय गुंतलेले आहे ते कळेल. गावोगावचे दूध दोन तासांत येऊन पोचते. म्हणून यंत्र दिवसाच्या वीस हजार लिटरचे नव्हे, तासाला पाच हजार लिटरचे हवे. आखणीतली कित्येक यंत्रे येथेच फसतात: दिवसाची बेरीज डोळ्यांसमोर असते, आणि रांगेत उभ्या असलेल्या कॅन मात्र तासाच्या हिशेबाने येत असतात.

पाच हजार लिटर दुधाचे वजन सुमारे ५१५० किलो. एक किलो दुधाचे तापमान एका अंशाने उतरवण्यासाठी त्यातून सुमारे ३.९३ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ३१ अंशांच्या उतरणीसाठी दर सेकंदाला १७४ किलोज्यूल, म्हणजे १७४ किलोवॅट, इतकी उष्णता दुधातून पाण्यात गेली पाहिजे. ती घेण्यासाठी बर्फाच्या टाकीतले १ अंशाचे पाणी तासाला पंधरा हजार किलो या वेगाने सोडले, तर ते १० अंशांनी तापून ११ अंशांवर बाहेर पडेल. दुधाने जितके गमावले तितके पाण्याने मिळवले. येथवरचा हिशेब जमाखर्चाचा आहे आणि त्यात यंत्राच्या आकाराचा संबंधही येत नाही.

संबंध येतो तो दिशेपासून. दूध आणि पाणी दोन्ही एकाच टोकाने आत सोडले तर काय होईल? दूध उतरत जाईल, पाणी चढत जाईल, आणि दोन्ही एका समान तापमानाला भेटतील. या उदाहरणात ती भेट ९.३ अंशांवर होते. त्यापुढे हजार पत्रे जोडले तरी दूध त्याखाली जाणार नाही. दूध तेथे निवले, निवण्याची क्रिया पूर्ण झाली. उलट पाणी विरुद्ध टोकाने सोडले, म्हणजे प्रतिप्रवाह साधला, तर बाहेर पडणाऱ्या दुधाला नुकतेच आत आलेले १ अंशाचे पाणी भेटते, आणि आत येणाऱ्या दुधाला तापून निघालेले ११ अंशांचे. पाणी ११ अंशांवर बाहेर पडते आणि दूध ४ अंशांवर; शोषणारा शेवटी शोषिताहून अधिक तापलेला, ही स्थिती केवळ प्रतिप्रवाहातच संभवते.

आता दोन टोकांना तापमानाचे फरक असे आहेत: आत येणाऱ्या टोकाला ३५ वजा ११, म्हणजे २४ अंश; बाहेरच्या टोकाला ४ वजा १, म्हणजे ३ अंश. या फरकाच्या बळावरच उष्णता पत्र्याच्या पलीकडे जाते. मग सगळ्या यंत्रासाठी सरासरी फरक कोणता धरावा? सामान्य बुद्धी २४ आणि ३ यांची बेरीज करून निम्मे करील: साडेतेरा. हे उत्तर चुकीचे आहे आणि ते का चुकीचे आहे हे ‘निवणे’ या क्रियापदाला ठाऊक आहे. कढत दूध प्रथम भराभर निवते. बोट लावण्याजोगे झाल्यावर रेंगाळते. कोमटपणा तर जाता जात नाही. न्यूटनने १७०१ साली या अनुभवाला नियमाचे रूप दिले: निवण्याचा वेग उरलेल्या फरकाच्या प्रमाणात असतो. विनिमयकातही मोठा फरक थोड्या पत्र्यांतच खर्च होऊन जातो आणि बहुसंख्य पत्रे लहान फरकावर काम करीत राहतात. म्हणून खरी सरासरी मधल्या आकड्यापेक्षा लहान टोकाकडे झुकते. तिला लॉगरिथमी सरासरी म्हणतात: दोन फरकांची वजाबाकी भागिले त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिथम. येथे २१ ला ८ च्या लॉगरिथमने, म्हणजे २.०८ ने, भागले असता १०.१ अंश मिळतात.

साडेतेरा आणि दहा यांतील अंतर लहान वाटले तरी त्याचा परिणाम लहान नाही. हे पाहण्यासाठी तिसरी राशी हवी, ती पत्र्याच्या उष्णता वाहून नेण्याच्या एकूण क्षमतेची. उष्णतेला दुधातून पाण्यात जाताना तीन अडथळे ओलांडावे लागतात: पत्र्याला चिकटून मंद वाहणारा दुधाचा पातळ थर, खुद्द पत्रा, आणि पलीकडचा पाण्याचा थर. यांत पोलादाचा वाटा सर्वांत कमी, साधारण एक-दशांश असतो. खरा विरोध चिकटलेल्या थरांचा. पन्हळींची सगळी घुसळण हे थर झिजवण्यासाठीच असते. चांगल्या पट्टिका-विनिमयकात दर चौरस मीटरमागे, दर अंश फरकामागे, २५०० वॅट इतकी क्षमता धरता येते. मग पृष्ठफळ म्हणजे १७४ किलोवॅट भागिले क्षमता आणि सरासरी फरक यांचा गुणाकार: ६.९ चौरस मीटर. एका पत्र्याचे उपयोगी पृष्ठफळ ०.२ चौरस मीटर असेल तर ३५ पत्रे, आणि ज्यांच्या एकाच अंगाला द्रव असतो ते टोकांचे दोन धरून ३७.

साध्या सरासरीने हिशेब करणारा ५.२ चौरस मीटरवर, म्हणजे २६ पत्र्यांवर, थांबला असता. त्याच्या यंत्रातून दूध बाहेर पडले असते ते ६.२ अंशांवर. कागदावरची चूक एका भागाकाराची. टँकरमध्ये ती दोन अंशांची होते.

या हिशेबातला सर्वांत बोलका भाग मात्र पुढे आहे. समजा, केंद्राच्या चालकाने अधिक सावधगिरी म्हणून ४ ऐवजी ३ अंशांचे दूध मागितले. काढावयाची उष्णता तीन टक्क्यांनीच वाढते. पण बाहेरच्या टोकाचा फरक ३ वरून २ वर येतो, सरासरी ८.८ पर्यंत घसरते, आणि पृष्ठफळ ८.२ चौरस मीटर लागते, म्हणजे जवळजवळ एक-पंचमांश अधिक. २ अंशांचे मागितले तर १०.४ चौरस मीटर, म्हणजे मूळच्या दीडपट. पाण्याच्या १ अंशापर्यंत दूध नेण्याचे मनात आणले तर पत्र्यांना अंतच नाही. आकारमान उष्णतेच्या राशीने ठरते अशी समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः ते मुख्यतः शेवटच्या दोन-तीन अंशांनी ठरते. ३५ वरून ३४ वर येणारा अंश जवळजवळ फुकट मिळतो.

हेच दुसऱ्या बाजूनेही खरे आहे. दुपारी वीज गेली, टाकीतला बर्फ पुरेसा जमला नाही, आणि संध्याकाळी पाणी १ ऐवजी २ अंशांचे आले, तर तेच ३७ पत्रे दूध ४.९ अंशांवर सोडतात. पाण्याचा एक अंश जवळजवळ पुरताच दुधात उतरतो. अशा वेळी पत्र्यांना दोष देण्याची रीत आहे. दोष बर्फाचा असतो.

या बर्फाचाही एक स्वतंत्र हिशेब आहे. दोन तासांत १७४ किलोवॅट शोषण्यासाठी सुमारे ३७५० किलो बर्फ वितळतो. एवढे शीतन त्या त्या क्षणी निर्माण करावयाचे तर सुमारे पन्नास टन क्षमतेचे यंत्र लागेल. (हा ‘टन’ही मुळात बर्फाचाच: चोवीस तासांत एक अमेरिकी टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढी शोषणारे यंत्र एक टनाचे.) परंतु कॉम्प्रेसर दिवसाचे वीस तास सावकाश चालवून टाकीच्या नळ्यांवर बर्फ जमवत गेले, तर दहा टनांचे यंत्र सिद्धांततः पुरते, नळ्या, टाकी आणि पंप यांतून होणाऱ्या गळतीसाठी त्यात काही भर घालावी लागते. कॉम्प्रेसर दिवसाच्या बेरजेवर ठरतो, पत्रे तासाच्या गर्दीवर. या दोन मापांची अदलाबदल झाली की एक यंत्र अवाढव्य होते आणि दुसरे अपुरे.

येथे प्रारंभीच्या दोन क्रियापदांकडे परत यावे लागते. ३५ अंशांचे दूध भोवतालाहून तापलेले असते. त्याला निववण्यासाठी बर्फाची गरजच नाही. विहिरीचे पाणी पुरते. दुधाची कॅन विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवणारा शेतकरी हेच करीत असे. विहिरीचे पाणी २५ अंशांचे आहे असे धरून तासाला दहा हजार लिटर पाण्याचा एक आधीचा विभाग त्याच चौकटीत जोडला, तर साडेतीन चौरस मीटर पत्र्यांत दूध २८ अंशांवर येते. एकूण उष्णतेच्या सुमारे तेवीस टक्के उष्णता येथेच निघून जाते आणि प्रत्येक वेळी साडेआठशे किलो बर्फ वाचतो. उरलेले काम, २८ वरून ४ वर आणण्याचे, गार करण्याचे; ते बर्फाच्या पाण्याने करावयाचे. एका चौकटीत दोन विभाग, दोन पाणी, दोन क्रियापदे.

परंतु या योजनेकडून चुकीची अपेक्षा करू नये. जवळजवळ पाव हिस्सा उष्णता आधीच गेली म्हणून बर्फाच्या विभागाचे पत्रे पाव हिश्श्याने कमी होतील असे वाटते. प्रत्यक्षात ते ६.९ वरून ६.२ चौरस मीटरवरच येतात. गेलेली उष्णता सोपी होती. अवघड ती मागेच राहिली. एकूण पत्रे तर ६.९ ऐवजी ९.६ चौरस मीटर होतात. पूर्वशीतनाने बर्फ आणि वीज वाचते, पत्रे वाचत नाहीत. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो अशा गावी ती बचतही हिशेबात धरताना विचार करावा.

अडथळ्यांच्या हिशेबात एक चौथा अडथळा राहिला, तो मळाचा. जुन्या नळीच्या विनिमयकांची सवय असलेला माणूस मळासाठी म्हणून पृष्ठफळ सढळ हाताने वाढवतो. पट्टिका-विनिमयकात हे औदार्य उलटते. पत्रे वाढवले की फटी वाढतात, प्रत्येक फटीतला वेग मंदावतो, घुसळण कमी होते, चिकटलेला थर जाड होतो आणि मळ अधिक बसतो. म्हणजे ज्या क्षमतेच्या भरवशावर पत्रे मोजले तीच खालावते. आपल्या उदाहरणातही ३७ पत्र्यांच्या सर्व फटींत दूध एकदम वाटून दिले तर त्याचा वेग फार कमी पडतो. म्हणून ते काही फटींतून वर, पुढच्या काही फटींतून खाली, असे दोन-तीन फेऱ्यांनी न्यावे लागते. फेरे वाढले की वेग वाढतो. पण वेग दुप्पट झाला की एका फेऱ्यातून दूध ढकलण्यासाठी पंपाला द्यावा लागणारा दाब जवळजवळ चौपट होतो. शिवाय दुधाचे फेरे तीन आणि पाण्याचा एकच असेल, तर प्रतिप्रवाह सर्वत्र शुद्ध राहत नाही आणि सरासरी फरकाला कात्री लागते. तेव्हा २५०० हा आकडा अंतिम नव्हे. तो धरून पत्रे मोजावयाचे, पत्र्यांवरून फेरे आणि वेग काढावयाचा, वेगावरून क्षमता पुन्हा तपासावयाची, आणि दोन्ही जुळेपर्यंत हे चक्र फिरवावयाचे. हे काम आता संगणक क्षणात करतो. पण दूध तासाला किती आणि शेवटचा अंश कोणता, हे त्याला सांगावेच लागते.

मळासाठी खरी तरतूद पत्र्यांत नसून धुण्यात आहे. दूध गार होताना पत्र्यांवर फारसे पुट धरत नाही. ते धरते तापवताना. निववण्याच्या विभागात मात्र विहिरीच्या जड पाण्याचा क्षार पाण्याच्या बाजूला बसतो आणि तो आम्लाने काढावा लागतो. गॅस्केटही काळाने कडक होतात. बोल्ट अधिक आवळून गळती थांबवण्याचा मोह तेव्हा होतो. त्याने पन्हळी दबतात आणि फट अरुंद होते. चौकटीवर दोन टोकांतील अंतर किती मिलिमीटर ठेवावे हे लिहिलेले असते; ते मोजपट्टीने मोजून आवळणे एवढाच त्यावर उपाय आहे.

राहिला प्रश्न पुष्टकाळाचा. हिवाळ्यात दूध वाढते, उन्हाळ्यात कृशकाळ येतो, आणि दोहोंसाठी एकच यंत्र असते. पुष्टकाळासाठी घेतलेले पत्रे कृशकाळात वेग मंदावून बसतात. कृशकाळासाठी घेतलेले पुष्टकाळात अपुरे पडतात. यासाठी पत्रे ज्या दांड्यावर टांगलेले असतात तो प्रथमच लांब घेतात, आवळण्याचे बोल्टही त्या मानाने लांब घेतात, आणि आज ३७ पत्रे लावून वीसएक पत्र्यांची जागा रिकामी ठेवतात. गावात दूध वाढले की चौकट उघडून पत्रे जोडता येतात. जोडताना पन्हळींचे टोक एका पत्र्याचे वर तर पुढच्याचे खाली येईल, एवढे मात्र पाहावे लागते. एक पत्रा उलटा बसला की दूध पाण्याच्या फटीत शिरते.